मैदानातून शिक्षकी पेशाकडे : अनेक खेळ खेळणाऱ्या विद्यापीठ खेळाडूची पार्श्वभूमी

ठाण्यातील शाळांमध्ये ‘पीटीचे सर’ किंवा ‘पीटीच्या बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षकांची जुनी प्रमाणपत्रे पाहिली, तर त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे प्रमाणपत्र असते, त्याखाली गोळाफेकीचे असते आणि त्याच शैक्षणिक वर्षातले व्हॉलीबॉलचेही असते. ‘युनिव्हर्सिटी रिप्रेझेंट केले’ हे वाक्य ते अभिमानाने उच्चारतात. कोणत्या खेळात, असे विचारले की उत्तरात सहसा एकाहून अधिक नावे येतात. महाविद्यालयात दोन-तीन खेळ खेळायचे, बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची आणि मग एखाद्या शाळेत रुजू व्हायचे, ही वाट ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेक पिढ्यांना इतकी ओळखीची आहे की तिलाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तो इतिहास आहे आणि तो बराच लांबून आलेला आहे. इंग्लंडमधील विद्यापीठांची हौशी क्रीडापरंपरा, अमेरिकेतील वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेची शिक्षक-प्रशिक्षणाची पद्धत आणि महाराष्ट्रातील आखाडे-व्यायामशाळांची चळवळ असे तीन प्रवाह त्यात मिसळलेले आहेत. या तिन्हींचा माग काढताना असे लक्षात येते की एकाच माणसाने अनेक खेळ खेळणे हे बहुधा त्याच्या अंगच्या असामान्य गुणांपेक्षा वर्षाची आखणी, मैदानांची संख्या आणि शिक्षकांची टंचाई यांतून घडत आलेले आहे. असामान्य माणसे अर्थातच होती, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करणे सोयीचे आहे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील पहिला क्रिकेट सामना १८२७ साली झाला आणि पहिली नौकाशर्यत १८२९ साली. त्यानंतरच्या काही दशकांत या लढतींत विद्यापीठाकडून उतरलेल्या खेळाडूला ‘ब्लू’ म्हणण्याची रीत पडली. आपल्याकडच्या ‘कॉलेज कलर’ आणि ‘युनिव्हर्सिटी कलर’ या शब्दांची मुळे याच रिवाजात आहेत. तिथले शैक्षणिक वर्ष तीन सत्रांत विभागलेले असे आणि हिवाळ्यात फुटबॉल व रग्बी, वसंताच्या तोंडाशी धावणे-उड्या आणि उन्हाळ्यात क्रिकेट, असा ऋतूंनुसार खेळ बदलत असे. एक खेळ संपला की त्याच मुलांच्या हाती दुसरा खेळ येई. प्रशिक्षक ठेवून वर्षभर एकाच खेळाचा सराव करणे हे त्या काळच्या ‘सभ्य’ हौशी खेळाडूला कमीपणाचे वाटे. त्या हौशीपणात वर्गाभिमान पुरेपूर भरलेला होता, हे विसरून चालणार नाही. ज्याला पोटासाठी राबावे लागत नाही, तोच तीन-तीन खेळ फुकट खेळू शकतो.

सी. बी. फ्राय हे या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ऑक्सफर्डच्या वॉडम महाविद्यालयात शिकत असताना त्याने क्रिकेट, फुटबॉल आणि अॅथलेटिक्स या तिन्ही प्रकारांत ब्लू मिळवला आणि १८९३ साली लांब उडीत २३ फूट साडेसहा इंच झेप घेऊन तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. पुढे तो इंग्लंडकडून क्रिकेट आणि फुटबॉल असे दोन्ही खेळ खेळला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. पदवीनंतर काही काळ त्याने चार्टरहाऊस या शाळेत शिकवले आणि १९०८ पासून १९५० पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, मुलांना नौदलासाठी तयार करणाऱ्या ‘मर्क्युरी’ या प्रशिक्षण जहाजाचा कारभार पाहिला. तिथली शिस्त अतिशय कठोर असे आणि तिचा बराचसा भाग त्याची पत्नी बीट्रिस हिच्या हाती होता. मैदानावरचा देखणा खेळाडू शिक्षक म्हणूनही तितकाच देखणा ठरतो, असा समज या उदाहरणावरून करून घेता येत नाही.

त्याच्या उलट चित्र एरिक लिडेलचे आहे. एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकत असताना तो स्कॉटलंडकडून सात आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्याने त्या शर्यतीतून माघार घेतली आणि ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यापुढची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९२५ साली, कारकीर्द ऐन भरात असताना, तो चीनमधील तिएनत्सिन येथे निघून गेला आणि तिथल्या अँग्लो-चायनीज महाविद्यालयात विज्ञान शिकवू लागला. मुलांचे खेळही तोच घेत असे. १९४५ च्या फेब्रुवारीत जपान्यांच्या वेइशियन येथील नजरकैदेच्या छावणीत त्याचे निधन झाले. त्या छावणीतही तो मुलांना शिकवत होता आणि त्यांचे खेळ घेत होता.

इंग्लंडच्या या परंपरेत भारतीयही घडले. दोराबजी टाटा यांनी केंब्रिजमध्ये क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये आपल्या महाविद्यालयाचे कलर मिळवले होते. ते टेनिस खेळत, नाव वल्हवत आणि वेगाने धावतही. डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारे तरुण पाहून भारतीय संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार हे धावपटू आणि कुमार नवले, रणधीर शिंदे हे मल्ल गेले, ते त्यातूनच. जयपाल सिंग मुंडा ऑक्सफर्डमध्ये हॉकीचे ब्लू होते आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. नंतर त्यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अचिमोटा येथील महाविद्यालयात शिकवले, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम केले आणि शेवटी संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडली. खेळाडू, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी अशा तिन्ही भूमिका एकाच माणसात इतक्या सहज उतरलेल्या क्वचितच दिसतात.

या सगळ्या मंडळींमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांना शिकवण्याचे, त्यातही शारीरिक शिक्षण शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. चांगला खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होतो, असे गृहीत धरलेले असे. हे गृहीत मोडीत काढण्याचे काम अमेरिकेत झाले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएची प्रशिक्षण संस्था होती. तिथे जेम्स नेस्मिथ नावाचा कॅनेडियन शिक्षक होता. मॅकगिल विद्यापीठात त्याने जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, रग्बी, लॅक्रॉस असे जे मिळेल ते खेळून घेतले होते. १८९१ च्या डिसेंबरमध्ये, बर्फामुळे मैदानावर जाता येत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ त्याने शोधून काढला, सज्जाला दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. बास्केटबॉलचा जन्म असा झाला. एका नव्या खेळाचा जन्म वर्गातली अडचण सोडवण्यासाठी व्हावा, आणि तो अनेक खेळ खेळलेल्या शिक्षकाच्या हातून व्हावा, यात आश्चर्य नाही. एका खेळातली चाल दुसऱ्यात कशी वापरायची, हे त्यालाच ठाऊक असणार. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथल्या बास्केटबॉल संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेला प्रशिक्षक एकच आहे, आणि तो नेस्मिथ. त्याला स्वतःला त्याचे फारसे दुःख नसावे, कारण स्वतःची ओळख तो प्रशिक्षकापेक्षा शिक्षक म्हणून करून देणे पसंत करी.

स्प्रिंगफील्डच्याच मुशीतून तयार झालेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि १९२० साली त्यांनी तिथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. भारतातील या प्रकारचे ते पहिले महाविद्यालय होय. तोवर आपल्या शाळांमधून कवायत शिकवणारे बहुधा लष्करातून निवृत्त झालेले शिपाई असत. ‘ड्रिल मास्तर’ हा शब्द त्यांच्यामुळेच रूढ झाला आणि जुन्या ठाणेकरांच्या तोंडी तो अजूनही येतो. बक यांच्या महाविद्यालयाने शरीरशास्त्र, खेळांचे नियम, मैदानाची आखणी आणि अध्यापनाची पद्धत हे सगळे एकत्र शिकवायला सुरुवात केली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जो भारतीय संघ गेला, त्याची जबाबदारीही बक यांच्याकडे होती. म्हणजे ज्या मैदानावर लिडेल ४०० मीटर धावला, त्याच मैदानाच्या परिसरात भारतातील शारीरिक शिक्षणाचा पाया घालणारा हा माणूसही त्या दिवसांत वावरत होता.

महाराष्ट्रात यापूर्वीच वेगळी हालचाल सुरू झालेली होती आणि तिचा वायएमसीएशी काही संबंध नव्हता. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बसवले. बडोद्याला राजरत्न माणिकराव जुम्मादादांच्या आखाड्यातून देशी व्यायामाची शिकवण देत होते, आणि त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे आधी अमळनेरच्या राष्ट्रीय शाळा-महाविद्यालयात शिकवणारे शिक्षक होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाभ्यासाला प्रयोगशाळेची कसोटी लावली. या चळवळीत मल्लखांब, कुस्ती, लाठी, जांबिया, लेझीम, सूर्यनमस्कार, हुतूतू हे सगळे एकाच आखाड्यात शिकवले जाई. आखाड्यातला वस्ताद एकाच प्रकाराचा तज्ज्ञ असून भागत नसे. त्यामुळे अनेक खेळ येणारा शिक्षक ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारणच नव्हते. विद्यापीठाचा शिक्का तेवढा नवा होता.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि तिथे त्यांनी मल्लखांब, हुतूतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला तोही याच वर्षी, आणि वृद्ध नेस्मिथ तो पाहायला बर्लिनमध्ये उपस्थित होता. दोन्ही परंपरांची माणसे एकाच गावात, एकाच पंधरवड्यात होती.

मराठी वाचकाला शिक्षक-खेळाडू म्हटले की आठवणारे नाव मात्र दि. ब. देवधरांचे असते, आणि ते योग्यच आहे. पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या देवधरांनी १९२६-२७ च्या हंगामात पाहुण्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या, महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकावली. ते अनेक खेळांचे खेळाडू म्हणून प्रसिद्ध नव्हते. परंतु त्यांच्या घरात खेळ एकच नव्हता. सुंदर, सुमन आणि तारा या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले. वर्गात कालिदास आणि मैदानात बॅट, असा हा प्राध्यापक मराठी मध्यमवर्गाने आदर्श मानला आणि ‘खेळामुळे अभ्यास बुडतो’ या तक्रारीला कित्येक घरांतून त्यांचेच नाव उत्तर म्हणून दिले गेले.

तीनही प्रवाह एकत्र आले ते मुंबईच्या उपनगरात. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर मुंबई प्रांतात शारीरिक शिक्षणाचा गांभीर्याने विचार सुरू झाला. त्या विचारविनिमयात कुवलयानंदांचा मोठा वाटा होता. १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख पी. एम. जोसेफ हे मद्रासच्या बक यांच्या परंपरेतले होते. १९५७ साली ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य म्हणून जोसेफच गेले. स्प्रिंगफील्ड, मद्रास, कांदिवली आणि ग्वाल्हेर अशी ही सरळ गुरुपरंपरा आहे, आणि तिच्यात कांदिवलीला देशी व्यायामाची जोड मिळाली. लेझीम, मल्लखांब आणि कबड्डी शिकलेला शिक्षक त्याच अभ्यासक्रमात बास्केटबॉलचे नियम आणि अॅथलेटिक्सच्या मैदानाची आखणीही शिकू लागला. ठाणे जिल्ह्यातील जुन्या पिढीचे अनेक क्रीडाशिक्षक ‘कांदिवलीचे’ म्हणून ओळखले जात, ते या संस्थेमुळे.

ठाणे शहराची स्वतःची परिस्थिती मुंबईपेक्षा जरा वेगळी होती. खेळ इथे आधी मंडळांत रुजला आणि महाविद्यालयात नंतर आला. चरईतील मावळी मंडळासारख्या संस्थांनी कबड्डी गल्लीबोळांत पोहोचवली. शाळा संपवून पदवीसाठी बाहेर पडणारा ठाण्याचा विद्यार्थी बहुधा लोकलने माटुंगा, दादर किंवा त्याही पुढे जाई आणि तिथल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात नाव नोंदवी. १९६९ साली विद्या प्रसारक मंडळाने ठाण्यात महाविद्यालय सुरू केले आणि चेंदणी बंदराजवळच्या खाडीकाठच्या परिसरात ते विस्तारत गेले, तेव्हा ठाण्याच्या मुलांना आपल्याच शहराच्या नावाने आंतरमहाविद्यालयीन मैदानावर उतरता आले. दादोजी कोंडदेव क्रीडागृह त्यानंतर आले. त्याआधीच्या पिढीचे खेळाडू आपले सगळे यश मुंबईतल्या महाविद्यालयांच्या नावावर जमा करून आले आणि शिकवायला मात्र ठाण्यात परतले. शिक्षकांच्या रूपाने ठाण्याला मिळालेला हा लाभ कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची रचनाच अशी होती की चांगल्या शरीराच्या मुलाला एकाच खेळात थांबू दिले जात नसे. पावसाळ्यात टेबल टेनिस, कॅरम, बुद्धिबळ आणि कुस्ती अशा छपराखालच्या स्पर्धा; दसरा-दिवाळीच्या आसपास कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल; थंडीत अॅथलेटिक्स आणि क्रिकेट. झोनल स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात संघात एक-दोन मुले कमी पडत. मग जिमखान्याचे प्रमुख वर्गाबाहेर उभे राहून ‘अरे, तू हात चांगला फेकतोस, उद्या हँडबॉलला ये’ असे सांगत, आणि कबड्डीतला चढाईपटू दुसऱ्या दिवशी हँडबॉलच्या संघात दिसे. हे कौतुकाचे असले तरी गरजेपोटी होते. दहा-बारा खेळांचे संघ उतरवायचे आणि मुळात मैदानावर येणारी मुले पन्नासच्या आत, असे गणित असल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन खेळ येणारच.

नोकरीत लागल्यावर हेच गणित उलट बाजूने समोर येई. मध्यम आकाराच्या शाळेत क्रीडाशिक्षक बहुधा एकच असतो आणि मैदानही एकच असते. नौपाडा, चरई, कोपरी अशा दाट वस्तीतल्या शाळांच्या अंगणात त्याला खो-खोचे २७ मीटर बाय १६ मीटरचे मैदान, मुलांच्या कबड्डीचे १३ बाय १० चे, व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ चे, आणि डिसेंबरातील वार्षिक क्रीडामहोत्सवासाठी धावपट्टी, हे सगळे एकमेकांवर आखावे लागते. त्यासाठी लागणारे ज्ञान एका खेळाच्या खेळाडूकडे नसते.

धावपट्टी आखण्याचेच उदाहरण घेऊ, कारण या शिक्षकाचे कसब त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. मैदानाच्या मध्यरेषेवर सरळ बाजूच्या लांबीइतक्या अंतरावर दोन खिळे ठोकून, त्यांना दोरी बांधून, दोरीच्या टोकाशी चुन्याचा डबा धरून दोन अर्धवर्तुळे काढायची आणि ती दोन सरळ रेषांनी जोडायची. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीत सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि त्रिज्या ३६.५० मीटर असते. एवढी जागा ठाण्याच्या शाळेला मिळणे अशक्यच, म्हणून २०० मीटरची फेरी बसवली जाते. ४० मीटरच्या दोन सरळ बाजू घेतल्या, तर उरलेले १२० मीटर वळणांत जातात आणि धावण्याच्या रेषेची त्रिज्या १९.१० मीटर येते. धावपटू आतल्या कडेच्या रेषेवरून धावत नाही, तिच्यापासून ३० सेंटिमीटर बाहेरून धावतो असे मानतात, म्हणून खिळ्यापासूनची दोरी १८.८० मीटरची धरायची. बाहेरच्या पट्टीतल्या मुलाला वळणावर जास्त अंतर पडू नये म्हणून त्याची सुरुवात पुढे सरकवावी लागते. पट्टी १.२२ मीटर रुंद असेल, तर एका पूर्ण फेरीसाठी दुसऱ्या पट्टीतल्या धावपटूला ७.०४ मीटर पुढे उभे करतात आणि त्यापुढील प्रत्येक पट्टीला आणखी ७.६७ मीटर. यातली गंमत अशी की हा आकडा मैदान लहान असो वा मोठे, बदलत नाही. तो केवळ पट्टीच्या रुंदीवर अवलंबून असतो. गणिताच्या तासाला परिघाचे सूत्र घोकणारी मुले सकाळी सातला सरांच्या हाताखाली हे आकडे टेपने मोजत असतात, आणि पाय (π) चा उपयोग त्यांना पहिल्यांदा तिथे कळतो.

मुलींच्या बाबतीत ही वाट बरीच उशिरा खुली झाली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या धावण्याच्या शर्यती १९२८ साली सुरू झाल्या आणि भारतीय धावपटू स्त्रिया १९५२ साली हेलसिंकीला प्रथम उतरल्या. त्यांच्यातली मेरी डिसूझा ही वांद्र्याची होती. ती भारताकडून हॉकीही खेळली. खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांसाठी १९५९-६० मध्ये सुरू झाली आणि स्त्रियांची पुढच्याच हंगामात कोल्हापूरला झाली. अवघ्या एका वर्षाचे हे अंतर इतर खेळांच्या मानाने फारच कमी आहे. ठाणे-कल्याण भागातल्या मुलींनी लंगडी आणि खो-खोपासून सुरुवात करून अॅथलेटिक्सकडे जाण्याचा जो प्रघात पडला, त्याचे श्रेय बरेचसे मुलींच्या शाळांतील शिक्षिकांना द्यावे लागते. खो-खोतली झेप आणि दिशा बदलण्याची चपळाई लांब उडीला आणि अडथळ्यांच्या शर्यतीला कामी येते, हे त्यांनी पुस्तकात न वाचता ओळखले होते. मुलगी संध्याकाळी उशिरापर्यंत मैदानावर थांबणार म्हणून घरी जाऊन आई-वडिलांची समजूत काढणे, हाही त्यांच्या कामाचा एक भाग होता. पुरुष शिक्षकांच्या वाट्याला तो क्वचितच आला असेल.

खाडीपलीकडे नवी मुंबईची घडण वेगळी झाली. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर वाशी, नेरूळ, बेलापूर अशी उपनगरे आखून वसवली गेली आणि शाळांना सुरुवातीपासूनच मैदानासाठी जागा मिळाली. ठाण्यातल्या शिक्षकाने ज्या अडचणीतून मार्ग काढला, ती अडचण इथे तितकी नव्हती. परिणामी इथे एकेका खेळाची स्वतंत्र केंद्रे लवकर उभी राहिली. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथे खेळला गेला. त्यानंतर क्रिकेट आणि फुटबॉलच्या खासगी अकादमींचे पेवच फुटले. पामबीच रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाड्याने मिळणारी टर्फ मैदाने रात्री अकरापर्यंत गजबजलेली असतात. या मुलांना शिकवणारा प्रशिक्षक मात्र एका खेळाचा असतो आणि त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. सहावीतल्या मुलाला वर्षभर फक्त फुटबॉलच खेळायला लावणाऱ्या पालकांचा हेतू चांगला असला, तरी त्या वयात शरीराला वेगवेगळ्या हालचालींची सवय लागणे अधिक फायद्याचे असते, असेच जुने क्रीडाशिक्षक सांगतात, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

सरकारी व्यवस्थेनेही या काळात खेळाडूच्या पुढच्या वाटेची चौकट बदलली. विद्यापीठांमधील स्पर्धांतल्या एकूण कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो आणि त्यात सर्व खेळांचे गुण एकत्र धरले जातात, त्यामुळे विद्यापीठांना अनेक खेळांची काळजी घ्यावी लागते. पण विद्यार्थ्याच्या हिशेबात आता वेगळ्या गोष्टी येतात. महाराष्ट्र शासनाने २००५ साली सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते. या दोन्हींसाठी विशिष्ट पातळीवरचे, विशिष्ट क्रमांकाचे प्रमाणपत्र लागते. चार खेळांत विद्यापीठ स्तरापर्यंत पोहोचलेल्यापेक्षा एकाच खेळात राष्ट्रीय पदक मिळवणाऱ्याला त्याचा फायदा उघडच जास्त होतो. २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी ही चुरस आणखी वाढवली. दुसरीकडे, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.पी.एड. दोन वर्षांचे केले. पदवीनंतर आणखी दोन वर्षे शिकून अनुदानित शाळेत जागा निघण्याची वाट पाहणे सगळ्यांच्याच घरच्या परिस्थितीला झेपत नाही. विनाअनुदानित शाळांमधून तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या क्रीडाशिक्षकांची संख्या ठाणे आणि नवी मुंबईत मोठी आहे, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण संध्याकाळी एखाद्या अकादमीत किंवा गृहसंकुलाच्या क्लब हाऊसमध्ये शिकवून घर चालवतात.

महाविद्यालयीन पातळीवर मात्र जुन्या कल्पनेचा एक अंश नियमातच टिकून राहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकपदासाठी पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा एवढ्यावर भागत नाही. उमेदवाराने आंतरविद्यापीठ, आंतरमहाविद्यालयीन, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व केल्याची नोंद असावी लागते, आणि त्याला शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर आणि स्त्री उमेदवाराने आठ मिनिटांत १००० मीटर अंतर धावून किंवा चालून पूर्ण करायचे असते. प्राध्यापकाच्या दर्जाच्या दुसऱ्या कोणत्याही पदासाठी उमेदवाराला असे मैदानावर उतरावे लागत नाही. किती खेळ खेळले, हे मात्र हा नियम विचारत नाही. एका खेळातील प्रतिनिधित्वही त्याला पुरेसे असते. रुजू झाल्यावर ज्या महाविद्यालयाचे डझनभर संघ उतरवायचे असतात, तिथे उरलेल्या खेळांची तयारी संचालक कुठून करून आला, हे निवड समितीतील एखाद्या जाणत्या सदस्याने मुलाखतीत विचारले तरच कळते.